धाकटीच्या सोळा ओळी

६ ऑगस्ट, बुधवार
दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींनाही सांग. आणि हे पत्र जी मोठ्याने वाचून दाखवते आहे त्या भिंगरीला एक पापा. तो तिने वाचता वाचता स्वतःच घ्यावा, थांबू नये.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो, असं ती सांगते. खोली तीच, सायकल दुकानाच्या वरची. खाली दिवसभर चाकं ठोकतात आणि आई वरून म्हणते, "एकदाची ठोकून टाका रे ती, रोज काय तेच." नवीन काही नाही.

भिंगरी, तुझं पत्र पोचलं. 'आपल्या नातेवाइकांना पत्र लिहा' असा गृहपाठ मिळाल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी आजीला लिहिलं आणि तू मला लिहिलंस, याचा मला फार आनंद झाला. तू लिहितेस, 'मी आईला विचारलं, मावशीला काय लिहू? आई म्हणाली, तुला वाटेल ते लिही, आणि भांडी घासायला गेली.' हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. त्यात चूक काही नाही. अक्षर चांगलं आहे, फक्त ओळी उजवीकडे चढतात.

ताई, फोनवर तू आईशी बोलतेस तेव्हा मी तिथेच असते. आई फोन लांब धरून बोलते, त्यामुळे तुझा आवाज मला ऐकू येतो. तू कधी "मास्तरकडे दे" म्हणत नाहीस आणि मीही हात पुढे करत नाही. म्हणून म्हटलं, भिंगरीने दार उघडलंच आहे तर पत्र लिहावं. हा तिसरा कागद. पहिले दोन चांगले नव्हते.

माझ्या कामाबद्दल सांगते. आईला विचारलंस तर ती म्हणेल, "छापखान्यात वाचते." ते खरंच आहे. पुस्तक छापण्याआधी कच्चा छापील कागद निघतो, त्याला प्रूफ म्हणतात. लेखकाने हाताने लिहिलेली प्रत माझ्या हातात असते आणि प्रूफ काकांच्या हातात. काका म्हणजे आमचे मुख्य तपासनीस, चाळीस वर्षं याच टेबलाशी आहेत, अख्खा छापखाना त्यांना काकाच म्हणतो. मी मोठ्याने वाचायचं, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवी ओळ, सगळं म्हणायचं, आणि त्यांनी लाल पेनाने चुका काढायच्या. ते हाताच्या प्रतीकडे कधी बघत नाहीत. म्हणतात, "माझे डोळे इकडे, तुझा आवाज तिकडे. मी तुझ्या तोंडाने वाचतो." मी घरी गेले तरी आईला म्हणते, "उद्या लवकर जायचंय स्वल्पविराम चहा ठेव पूर्णविराम." आई हसत नाही. भिंगरी हसेल.

सध्या एक मोठी कविता चालू आहे. मोठी म्हणजे नऊ सर्ग, जवळजवळ दोनशे पानं. लिहिणारे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणतो. जमिनी मोजत फिरताना त्यांना एका जुन्या किल्ल्याबाहेर दगडांचा ढीग दिसला. त्याची गोष्ट त्यांनी गावात विचारली, आणि मग एकोणीस वर्षं ती लिहीत बसले. मोजणीच्या जुन्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलंय. मी कविता वाचते आणि मागून कुणाच्या तरी बांधाची रेघ दिसते. खाडाखोड इतकी की काका म्हणतात, "हा माणूस कविता लिहितो की जमीन नांगरतो?" काट मारलेल्या ओळीही आमचा ऑपरेटर चुकून टाइप करतो आणि मग काका त्याच्यावर ओरडतात.

गोष्ट भिंगरीसाठी सांगते. खूप जुन्या काळची आहे. एका किल्ल्याच्या पायथ्याशी रंगारी राहायचा. कापड रंगवायचा, वाळत घालायचा. त्याला दोन मुली. थोरलीचं किल्ल्यावरच्या घंटा वाजवणाऱ्यावर प्रेम बसलं. भेटणं अशक्य, म्हणून ती दोरीवर कापड घालून निरोप द्यायची. पिवळं म्हणजे ये. निळं म्हणजे आज नको. तो वरून बघायचा आणि घंटेचा एक टोल जास्त द्यायचा, म्हणजे कळलं. कुठला रंग म्हणजे काय, हे आणखी एकाच माणसाला माहीत होतं. धाकट्या बहिणीला. कापड दोरीवर तीच चढवायची. एक दिवस किल्लेदाराने तिला बोलावलं आणि विचारलं, "बाळ, हे रंग काय बोलतात?" आणि तिने सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं, घंटावाल्याला कड्यावरून ढकललं. तो दगडांचा ढीग धाकटीचा आहे. येणारा-जाणारा तिच्या नावाने एक दगड टाकतो, अजूनही.

आम्ही पाचव्या सर्गात आहोत, पिवळ्या कापडांपर्यंत. धाकटी अजून नुसती पळतेय इकडून तिकडे.

ताई, तू मला मास्तर म्हणायचीस ते आठवतं का? घरात मी एकटी शाळेत जाणारी. तुला अक्षरं जुळायच्या आधीच दुसरीतून काढलं, माझं बघायला. विजेचं बिल वाच मास्तर, औषधाची बाटली वाच मास्तर, दुकानावरची पाटी काय म्हणते मास्तर. आणि बाकीचे कागद.

घंटा झाली. काका पेनाचं टोपण काढून माझ्याकडे बघतायत.

तुझी,
मास्तर


२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिय ताई,

सगळ्यांना नमस्कार. भिंगरीचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. तेही गृहपाठ नसताना.

भिंगरी, तुझे तीन प्रश्न. एक, ढीग केवढा आहे? मोजणीसाहेबांनी मोजला होता, अर्थातच. एकोणीस वर्षांपूर्वी छातीएवढा होता आणि मागच्या वर्षी पुन्हा गेले तेव्हाही छातीएवढाच होता. इतके दगड पडूनही तो वाढला कसा नाही, याचा विचार करत होते, असं म्हणाले. दोन, लाल कापडाचा अर्थ काय? काही नाही, लाल नुसतं विकायला. तीन, धाकटीने का सांगितलं?

हा तिसरा प्रश्न तू ओळीखाली रेघ मारून विचारला आहेस.

लहान होती म्हणून सांगितलं. किल्लेदार मोठा माणूस, घाबरली असेल. हे उत्तर लिहिलं आणि तासभर तसंच ठेवलं. खाली दुकानात जाऊन उगीच एका सायकलीची किंमत विचारून आले. परत वाचलं तरी ते बरोबर वाटत नाही. खोडतही नाही, कारण खोडलं तर तू विचारशील काय खोडलं.

ताई, मला झोप लागते पण बसवत नाही. जेवताना उठते, नळ बंद आहे का बघते, बंदच असतो. आई म्हणते, "तुझ्या पायाला भोवरा बांधलाय का गं?" कामात माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. चूक लिहिणार होते, पण चूक नाही ती.

मागच्या मंगळवारी आम्ही सातव्या सर्गात होतो. किल्लेदार विचारतो तिथे. मी वाचत होते, "काय बोलतात हे रंग प्रश्नचिन्ह नवी ओळ," आणि पुढचा कागद घेतला. त्यावर सोळा ओळी होत्या, त्यानंतर मोकळी जागा आणि नवा भाग. पहिल्या दोन ओळींवर माझी नजर गेली आणि तोंडातून आवाज निघेना. मी तो कागद पालथा घातला आणि पुढचा भाग वाचायला लागले.

काका थांबले. त्यांच्या प्रुफात त्या ओळी होत्या, ऑपरेटरने नीट टाइप केल्या होत्या. ते म्हणाले, "थांब. इथे सोळा ओळी जास्त आहेत. प्रतीत आहेत का?"

मी म्हणाले, "काट मारलीय."

"सगळ्या सोळांवर?"

"हो."

त्यांनी बघितलं नाही. ते कधीच बघत नाहीत. एका उभ्या लाल रेघेत सगळ्या ओळी उडवल्या आणि ऑपरेटरला हाक मारली. चार माणसांसमोर म्हणाले, "अहो, एवढी सोळा ओळींची काट दिसू नये? डोळे आहेत की खोबणी?" तो म्हणाला, "काट नव्हती हो काका, मला आठवतंय." काका म्हणाले, "म्हणजे ही खोटं बोलते?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी प्रतीचे कागद सरळ करत होते, ते सरळच होते. तो म्हणाला, "नाही, तसं नाही, माझंच चुकलं असेल."

तेव्हापासून मी रोज त्याच्यासाठी चहा आणून ठेवते. का, ते त्याला कळत नाही.

तो कागद माझ्या खणात आहे. पुढच्या चौदा ओळी मी अजून वाचलेल्या नाहीत. तिला काय काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे, असं वाटतं. मोजणीसाहेबांची दृष्टी आता अधू झाली आहे, ते शेवटचं प्रूफ वाचणार नाहीत, नुसती सही करायला येणार आहेत. अठरा तारखेपासून छपाई. त्यानंतर त्या ओळी कुठेच नसतील.

तुला वाटेल, परक्या माणसाच्या सोळा ओळींसाठी हिचं एवढं काय. त्याचंच सांगायचं आहे, ताई. पण ते भिंगरीच्या तोंडून तुझ्या कानावर जावं असं नाही. फोन लांब धरलेला असतो. आईला सांगून पाठवावं तर आईच त्यात आहे. चौदा वर्षं मी माणूस शोधते आहे, जो तुला वाचून दाखवेल आणि स्वतः ऐकणार नाही.

भिंगरी, आता तू "काय, काय, काय" करत आईच्या मागे लागशील. लागू नकोस. तिला भांडी घासू दे.

तुझी,
मास्तर


१७ सप्टेंबर, बुधवार

ताई,

भिंगरीचं पत्र काल आलं. तिची सरळ झालेली अक्षरं, तिची सहल, तिच्या मैत्रिणीचा पडलेला दात. आणि सगळ्यात खाली पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत:

'मी वाचते आता. तिच्या हाती देणार नाही. लिही.'

मी जिन्यातच बसले. कोण लिहितंय हे कळायला मला वेळ लागला, कारण तुझं अक्षर मी कधी पाहिलेलंच नव्हतं. आई वरून म्हणाली, "कुणाचं काय झालं?" मी म्हणाले, "ताईला वाचता येतं." आई पायऱ्या उतरून खाली आली, गुडघ्याचं नाव न काढता. कागद हातात घेऊन तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे हिचं?" मग बराच वेळ दिला नाही.

भिंगरीच्या पहिलीच्या पुस्तकापासून शिकलीस का? तिच्या शेजारी बसून? सांगू नकोस, मी आपलं समजून घेते.

आता मला लिहायलाच पाहिजे. आधी कामाचं सांगते. ते सोपं आहे म्हणून नव्हे, त्याच क्रमाने झालं म्हणून.

आज सकाळी मी छापखान्यात सगळ्यांच्या आधी गेले. खणातून तो कागद काढला आणि उभ्यानेच वाचला, सोळाही ओळी. पहिल्या दोन तुला सांगते, ज्यांच्यावर माझा आवाज अडला होता:

भीतीने नाही सांगितलं धाकटीने.
कुणीतरी पहिल्यांदाच तिला विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

माझी खात्री होती की यापुढे शिव्याशाप असणार. नव्हते. मधे तिची ती खुशी आहे, किल्लेदाराने तिला बसायला पाट दिला, मोठ्या माणसांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. आणि शेवट असा:

येणारा टाकतो दगड, जाणारा टाकतो दगड.
थोरली येते दिवस कलताना,
काही बोलत नाही.
एक दगड उचलून पदरात घेते
आणि घरी नेऊन ओल्या कापडावर ठेवते,
वाऱ्याने उडू नये म्हणून.

मोजणीसाहेबांनी ढिगाचं कोडं असं सोडवलं होतं. आणि त्या दोनशे पानांत धाकटीसाठी कुणी काही केलं असेल तर ते एवढंच, आणि तेच मी उडवलं होतं.

काका आले. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाले, "काय हे?" मी म्हणाले, "सातव्या सर्गातला. काट नव्हती."

त्यांनी चष्मा पुसला, कागद प्रकाशात धरला. पहिल्यांदाच त्यांना माझ्या हातातला कागद स्वतः बघताना मी पाहत होते. मग विचारलं, "मग काट का म्हणालीस?"

"वाचवेना."

"वाचवेना तर 'वाचवत नाही' म्हणायचं. मी वाचलं असतं." कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "आणि त्याला मी चार लोकांत काय काय बोललो."

ऑपरेटरला त्यांनी स्वतः बोलावलं, त्याच चार लोकांत, आणि म्हणाले, "तुमचे डोळे चांगले आहेत. माझे कान फसले." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तरीच! म्हटलं ह्या रोज चहा का आणतायत. मी घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, सांभाळून राहा." सगळे हसले. मीही हसले आणि मग मला हसणं थांबवता येईना, बाहेर जावं लागलं.

अकराला मोजणीसाहेब सहीला आले, काठी टेकत. मी त्यांनाही सांगितलं. ते रागावतील म्हणून मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. त्यांनी विचारलं, "कुठल्या ओळी? दगडाच्या?" मी हो म्हणाले. म्हणाले, "त्या सोळा लिहायला मला तीन वर्षं लागली. तुम्ही दोन शब्दांत उरकलंत." मग म्हणाले, "तुमची थोरली आहे का कुणी?"

मी म्हणाले, "आहे."

"जिवंत?"

"आहे."

"मग बरं आहे," म्हणाले, आणि काकांना म्हणाले, "आता हिलाच वाचू द्या. तुम्ही तपासा."

मी वाचल्या, ताई. सोळाही. स्वल्पविराम, नवी ओळ, पूर्णविराम, सगळं म्हटलं. काकांनी प्रुफावर एकही खूण केली नाही, चूक नव्हतीच. आता त्या ओळी आत घालायच्या तर पुढची सगळी पानं सरकतात. ऑपरेटर दोन दिवस त्यातच असणार, छपाई वीस तारखेवर गेली.

दुपारी काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुझ्यावर राग नाही. पण मी तुझ्या आवाजावर विसंबून बसायचो. आता तू वाचलंस की मी मान वळवून प्रत बघणार. मग तू कशाला?" पुढच्या महिन्यापासून मी पार्सलच्या टेबलावर आहे. पुस्तकं बांधायची, पत्ते लिहायचे. त्यांनी बरोबर केलं.

आता आपलं.

त्या घड्याळवाल्याच्या चिठ्ठ्या मीच तुला वाचून दाखवायचे आणि उत्तरंही मीच लिहायचे. तू सांगायचीस ते सगळं लिहायचे, आणि शुद्धलेखनही तपासायचे. चिठ्ठ्या तुझ्याकडे सापडू नयेत म्हणून माझ्या इतिहासाच्या पुस्तकात ठेवायचो. ती शेवटची मी सकाळी तुला वाचून दाखवली होती. दुपारी काकांनी, म्हणजे आपल्या काकांनी, "बघू आमच्या मास्तरचं पुस्तक" म्हणून ते उचललं आणि ती जमिनीवर पडली.

बाबांना वाचता येत नव्हतं. काकांना येत नव्हतं. आईला येत नव्हतं. त्या खोलीत तो कागद वाचू शकणारी मी एकटी होते, ताई. तू दारात बादली घेऊन उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. बाबांनी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "वाच."

मी त्यांना सांगू शकले असते की ही शाळेची सूचना आहे. मैत्रिणीची चिठ्ठी आहे. काहीही. निदान नऊच्या जागी दहा म्हणू शकले असते. तू तोवर गाडीत बसलेली असतीस. एक आकडा बदलायचा होता.

मी सगळं वाचलं. 'सोमवारी सकाळी नऊच्या गाडीने. मी स्टँडच्या मागच्या दाराशी उभा असेन. मी दिलेलं घड्याळ घालून ये.' जसं लिहिलं होतं तसंच. बाईंनी शिकवलं होतं, पूर्णविरामाला एक श्वास थांबायचं. मी थांबले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की अकरा वर्षांची होते, घाबरले, शाळेत खोटं बोलू नये असं शिकवलं होतं. आई विचारेल म्हणून हे उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. तिने कधी विचारलं नाही. भिंगरीने विचारलं, तर तिलाही तेच दिलं. पण खरं असं नाही. बाबांनी मला त्याआधी कधी काही विचारलं नव्हतं. बिलं आईच वाचून घ्यायची. त्या दिवशी बाबा, काका, दोन मोठी माणसं, माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी चांगलं वाचत होते. मला कळत होतं मी चांगलं वाचते आहे. वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "शाबास."

ताई, मला ते आवडलं.

हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. आवडलं ते किती वेळ, विचारशील तर तू बादली खाली ठेवलीस तिथपर्यंत. पण आवडलं.

सोमवारी बाबा आणि काका स्टँडवर गेले. परत आले तेव्हा काकांची बाही फाटलेली होती. त्या घड्याळवाल्याचं दुकान नंतर कधी उघडलं नाही. त्याचं काय झालं, तो कुठे गेला, हे मी आजवर कुणाला विचारू शकलेले नाही. तुला माहीत असेल तर असू दे, मला सांगायलाच हवं असं नाही. दोन महिन्यांनी तुझं लग्न लावून दिलं. निघताना तू सगळ्यांच्या पाया पडलीस आणि माझ्यापाशी येऊन म्हणालीस, "चांगलं वाचतेस हो, मास्तर." त्यानंतर तू मला त्या नावाने हाक मारली नाहीस. म्हणून मीच पत्राखाली ते लिहीत राहिले, जणू काही झालंच नाही.

भाऊजी चांगले आहेत, भिंगरी आहे, तुझं बरं चाललंय, असं आई म्हणते. ते खरं असलं तरी माझं काही कमी होत नाही. हे पत्र मी क्षमेसाठी लिहीत नाही. तसं लिहून बघितलं होतं, पण ती क्षमा मागणंही मी फार चांगलं लिहिलं होतं, म्हणून फाडलं.

काल मोजणीसाहेबांनी विचारलं, थोरली जिवंत आहे का, ते वर आलंच आहे. काल नाही, आज. बघ, दिवससुद्धा चुकायला लागले. खोडत नाही.

सोबत त्या कवितेचा प्रुफाचा कागद ठेवते आहे, छापखान्यातल्या काकांच्या परवानगीने. अक्षर बारीक आहे, सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर भिंगरीला दाखवू नकोस, पुढे जा. मागे येता येतं.

उत्तर लिहिलंस तर ते मी कुणाला वाचून दाखवणार नाही. बाबा आता नाहीत. पण ते असते आणि त्यांनी कागद पुढे धरून "वाच" म्हटलं असतं, तरी नाही. आणि लिहिलं नाहीस तर भिंगरीच्या पत्राखाली पेन्सिलीने नुसती एक रेघ ओढ. मी समजेन की पोचलं.

तुझी मास्तर

(हे सवयीने लिहिलं गेलं. काट मारली आहे, खरोखर मारली आहे, बघ.)

धाकटी